लाल ओळीतली चिमणी

१

दुर्बीणबाईंनी नळी दोन बोटांत घट्ट दुमडली आणि वाट पाहिली.

टेबलावरचं मशीन हवा ढकलत राहिलं. नळीतून पुढे जायला हवेला वाटच नव्हती. मशीनच्या पाठीमागचा पिवळा दिवा लागला, पण आवाज काही झाला नाही. खोलीत त्यांच्यासह चौघं होते, बाकीचे तिघं या मशीनच्या आज्ञा लिहिणारे आणि तपासणारे.

"असंच झालं असणार," त्या म्हणाल्या. "आजी दुपारच्या झोपल्या होत्या. नळी उशीखाली दबली. मुलगी पलीकडच्या खोलीत इस्त्री करत होती. दिवा भिंतीकडे तोंड करून पेटत राहिला आणि मशीन मूग गिळून बसलं."

हे मशीन घरी वापरायचं. ज्यांच्या छातीच्या स्नायूंत जोर उरलेला नाही त्यांच्या नाकातोंडावर मुखवटा बसवायचा, मशीन नळीतून श्वास पुरवतं. नळी दबली तर त्यानं ओरडून घर जागं करायचं, एवढी साधी अपेक्षा. आजींच्या मशीननं ती पुरी केली नाही, म्हणून आजी गेल्या आणि मशीन कंपनीत परत आलं.

कंपनीत असा काही घोटाळा झाला की तपास दुर्बीणबाईंकडे यायचा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर समोरच्याच्या आरपार, म्हणून हे नाव पडलं होतं. या वेळी साहेबांनी सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत कारण पाहिजे. गावोगावची मशीनं बंद करावीत तर माणसं श्वासावाचून जातील, आणि चालू ठेवावीत तर पुढची आजी कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाईंना एक मात्र ठाऊक होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या उशाशी हेच मशीन होतं. हे कळलं असतं तर तपास त्यांच्या हातून काढून दुसऱ्याला दिला असता, आणि दुसऱ्यावर सोडायचा त्यांना धीर नव्हता.

त्या बाहेरच्या बोळात गेल्या आणि धाकट्या भावाला फोन लावला.

"बाळ्या, अण्णा कसे आहेत?"

"मजेत. आठवडाभर छान झोपतायत. चिमणी गप्प आहे म्हणून खूष आहेत."

चिमणी म्हणजे मशीनचा तो बारीक चिवचिवाट. अण्णांच्या कोपराखाली नळी आली की तो सुरू व्हायचा आणि अण्णा वैतागायचे. गेल्या रविवारी बाईंनी भिंतीला आकडा ठोकून नळी त्यात अडकवली होती. तेव्हापासून नळी दबत नव्हती, म्हणून चिमणीही गप्प होती. निदान बाईंनी तसं धरलं होतं.

"त्या मशीनला नवीन अपडेट आलं का रे?"

"कसलं अपडेट? नाही गं," बाळ्या म्हणाला. मागे टीव्ही चालू होता.

"त्यांच्याजवळून हलू नकोस. स्वतः नळीकडे बघत बस."

"ताई, काय झालं?"

त्यांनी उत्तर न देता फोन ठेवला.

२

पहिली गाठ कात्रीशी. ही तिशीतली, तुडतुडीत, बोलणंही तुकड्या-तुकड्यांत. मशीनच्या आज्ञांतल्या नको त्या ओळी कापायचं काम तिचं, म्हणून कात्री.

"मी कापलं," ती सरळ म्हणाली. "नळी दबल्यावर ओरडायच्या ओळी. मीच काढल्या. पण नियमानं काढल्या."

"कुठल्या नियमानं? मला मी शाळेतली पोर आहे असं समजून सांग."

कात्रीनं कागद ओढला. "मशीनमध्ये चिप असते. तिला आपली भाषा कळत नाही. आपण सोप्या भाषेत आज्ञा लिहितो. आत आमच्या मास्तरांनी बनवलेला एक प्रोग्राम आहे, त्याला आम्ही दुभाषी म्हणतो, तो एकेक ओळ वाचतो आणि चिपकडून करून घेतो."

"हं."

"आता कुठल्या ओळी खरंच चालतात, कुठल्या नुसत्या जागा अडवतात, हे कळायला मोजणी लावतात. दुभाष्यानं ओळ चालवली की तिच्यावर खूण. चाचणी झाली की ती करणारा रंगारी अहवाल काढतो. चाललेली ओळ हिरवी, न चाललेली लाल. लागोपाठ तीन अहवालांत लाल राहिली, की ती मेलेली ओळ. कापायची. मशीनची स्मृती मुठीएवढी असते, दुसरं काय करणार?"

"आणि या ओळी?"

"तिन्ही अहवालांत लाल." तिनं मान वर केली. "बाई, मी न चालणाऱ्या ओळी कापल्या. न चालणारी ओळ कापून माणूस कसा मरेल? दोन रात्री मी हेच घोकतेय."

बाईंनी चष्मा वर सरकवला. पोरीचं बोलणं बिनतोड होतं. जे कधी चाललंच नाही, ते गेल्यानं काही बिघडायला नको होतं. म्हणजे एक तर ही खोटं बोलत होती, नाहीतर लाल रंग खोटं बोलत होता.

३

रंगारीला त्यांनी दारातून हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. दुसऱ्यांदा मारली तरी नाही. तिसऱ्या हाकेला खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो केवढ्यानं तरी दचकला, आणि त्यानं कानांतून कापसाचे दोन बोळे काढले.

"दिवसभर मशीनं किंचाळत असतात," तो ओशाळून म्हणाला. "डोकं उठतं."

चाचणीच्या खोलीत भिंतीलगत मशीनं मांडली होती. त्यांचा सुस्कारत चाललेला श्वास ऐकून बाईंच्या अंगावर काटा आला. कुणी माणूस नसताना इतके श्वास चालू असलेली खोली त्यांनी पाहिली नव्हती.

"नळी दाबून बघायची चाचणी कशी करता?"

"नळी दाबतो. दिवा लागला का बघतो. आवाज आला का बघतो. दोन्हींवर बरोबरची खूण करतो."

"आवाज बघता?"

हातातल्या कापसाकडे त्याची नजर गेली, आणि त्याचा चेहरा मशीनच्या पांढऱ्या पत्र्यासारखा झाला.

"दिवा लागला की आवाज येतोच, बाई. म्हणजे यायचाच. कायम."

"शेवटचा कधी ऐकलात?"

त्याला सांगता येईना. बाई रागावल्या नाहीत. रागावण्यापलीकडची गोष्ट होती ती. त्यांनी स्टूल ओढलं आणि आवाज खाली आणला.

"बरं, ते राहू दे. लाल ओळींचं सांगा. त्या कायमच्याच लाल?"

"नाही. आधी हिरव्या असायच्या. या वर्षी लाल दिसायला लागल्या. मला नवल वाटलं, मी विचारलंही..."

"कुणाला?"

"कुणाला नाही." तो घाईनं म्हणाला. "म्हणजे माझं मलाच."

बाईंनी ते ऐकलं आणि मनात बाजूला ठेवलं. "या वर्षी तुमच्या कामात आणखी काय बदललं?"

"काम सोपं झालं, तेवढंच. पूर्वी मोजणी लावली की मशीन अडखळायचं, श्वास उशिरा यायचा. साहेब म्हणायला लागले होते, हा दुभाषी टाका, बाहेरून विकत घेऊ. मग मास्तरांनी आत काहीतरी केलं आणि मोजणी फुलासारखी हलकी झाली. आता लावली तरी मशीनला पत्ता लागत नाही."

हे सांगताना त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं. मास्तरांनीच त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं, हे सगळ्या कंपनीला माहीत होतं.

४

मास्तर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. केस पिकलेले, शर्ट कडक इस्त्रीचा. दुभाषी त्यांनी एकट्यानं घडवला होता आणि घरच्या मुलासारखा मिरवला होता.

"माझ्या दुभाष्यानं एकूणएक ओळ चालवली," ते म्हणाले. "त्यानं कुठलीही आज्ञा गाळलेली नाही. हे मी कुठंही लिहून देतो."

"मग अहवालात लाल का?"

"मोजणी हे रंगारीचं खातं. मला त्यातलं काही माहीत नाही."

त्यांनी कानांवर हात ठेवले. आणि बाईंना रंगारीचं कौतुक आठवलं. मोजणी हलकी कुणी केली म्हणाला होता तो?

त्यांनी लगेच विचारलं नाही. त्या आपल्या टेबलाशी आल्या आणि कात्रीकडून आणलेल्या, कापलेल्या त्या ओळी पहिल्यांदा नीट वाचायला बसल्या. सोप्याच होत्या. नळीतला दाब चढला तर बारीक आवाज तीनदा करायचा, थोडं थांबायचं, पुन्हा तीनदा.

बाईंनी ओठांनीच तो आवाज करून पाहिला. चिव-चिव-चिव. चिव-चिव-चिव.

अण्णांची चिमणी ती हीच. गेले कित्येक महिने त्यांनी ती स्वतःच्या कानांनी ऐकली होती, भाकरी भाजता-भाजता, आंघोळीला निघता-निघता. अहवाल म्हणत होता की यंदा नळी दाबूनही या ओळी एकदाही चालल्या नाहीत. आणि त्या तर यंदा अण्णांच्या खोलीत ऊठसूट चालत होत्या.

त्यांनी फोन उचलला. "बाळ्या?"

"इथेच आहे गं बाई. अण्णा पेपर वाचून घेतायत माझ्याकडून."

त्यांनी श्वास सोडला. पण आत काहीतरी खुपत राहिलं, आणि काय खुपतंय ते सापडेना.

५

दुपार कलली तेव्हा त्यांनी तिघांना चाचणीच्या खोलीत बोलावलं. बाकीची मशीनं बंद करायला लावली. एकाच मशीनमध्ये कापण्याआधीच्या जुन्या आज्ञांचं कार्ड घातलं.

"मोजणी लावा," त्या रंगारीला म्हणाल्या. "आणि कापूस कानाबाहेर ठेवा."

त्यांनी नळी दुमडली. पिवळा दिवा लागला, आणि पाठोपाठ खोलीभर चिवचिवाट घुमला. कात्रीनं दचकून टेबल धरलं.

"सगळ्यांनी ऐकलं? आता अहवाल काढा."

पडद्यावर ओळी आल्या. श्वास घ्या, श्वास सोडा, सगळ्या हिरव्यागार. आणि त्यांच्याखाली, आत्ता जिचा आवाज चौघांच्या कानांत होता त्या चिमणीच्या ओळी, लालभडक.

रंगारी पडद्याला बोट लावून पुन्हा-पुन्हा त्या ओळी वाचत राहिला.

"मी आधी तुमच्यावर संशय घेतला," बाई त्याला म्हणाल्या. "पण रंग बदलणारा माणूस लाल लपवून हिरवं दाखवेल. हिरव्याचं लाल करून स्वतःचं काम कमी कोण दाखवेल? मग कात्रीवर घेतला, तिला जागा मोकळी हवी होती. पण आपण आत्ता नवा अहवाल काढला आणि तिनं त्याला हात लावलेला नाही. म्हणजे खोट रंगात नाही, मोजणीत आहे." त्या वळल्या. "मास्तर, दुभाषी सगळी कामं एकाच रांगेत करतो का?"

उत्तर कात्रीनं दिलं. "नाही. श्वासाचं मुख्य काम वेगळं. नळीवर नजर ठेवणं हे जोडकाम. ते बाजूला झोपलेलं असतं, मधूनमधून उठतं, बघतं, परत झोपतं. श्वास अडू नये म्हणून."

"आणि मोजणी?"

"मुख्य कामाला लावावी लागते, आणि प्रत्येक जोडकामालाही वेगळी..." कात्री बोलता-बोलता थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

"मोजणी फुलासारखी हलकी झाली," बाई म्हणाल्या. "ओझं हलकं होतं ते त्यातलं काही उतरवल्यावर. मास्तर, तुम्ही जोडकामांवरची मोजणी काढून टाकलीत. पहारेकरी पुढच्या दाराशी ठेवला आणि मागच्या दाराचा उठवला. मागच्या दारानं रोज ये-जा करणारा माणूस पुढच्याला कधी दिसलाच नाही, म्हणून आपण त्याला मेलेला ठरवलं."

"साहेब माझा दुभाषी टाकणार होते," मास्तर म्हणाले.

"रंगारी, लाल ओळींचं तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

रंगारीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मास्तरांना. ते म्हणाले, जुन्या ओळी आहेत, आवाज आता दिव्याबरोबर आपोआपच येतो, त्याला आज्ञा लागत नाही. मला खरं वाटलं, बाई. ते कधी खोटं बोललेच नव्हते."

"पुढच्या वेळी मोजणी नीट करणार होतो," मास्तर म्हणाले. "तेवढ्यात तिसरा अहवाल निघाला. कापायचा कागद माझ्याकडेच सहीला आला. थांबा म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. मी सही केली." ते खुर्चीत बसले. "आजींचं कळल्यापासून मला घास गिळवत नाही."

बाईंना त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी त्यांचा संतापही आला. त्यांनी कात्रीला विचारलं, "ओळी कापलेल्या आज्ञा कुणाकुणाच्या मशीनमध्ये गेल्या? नवीनच ना?"

"नवी-जुनी सगळी. मशीन पडद्यावर विचारतं, सुधारणा घालू का? हो दाबलं की झालं. गेल्या रविवारपासून पाठवतोय."

रविवारपासून.

खुपत होतं ते हे. आकडाही रविवारीच ठोकला होता. चिमणी आकड्यामुळे गप्प झाली नव्हती. ती तिथे नव्हतीच. आठवडाभर अण्णा जे छान झोपत होते, ते नळी दबत नव्हती म्हणून, की दबूनही कुणाला कळत नव्हतं म्हणून?

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाळ्यानं उचलला नाही.

"माझे वडील," त्या म्हणाल्या, आणि आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "माझे वडील आहेत त्या मशीनवर."

६

गाडी कात्रीनं हाकली. जुन्या आज्ञांचं कार्ड मास्तरांच्या मुठीत होतं. "घरच्या मशीनमध्ये कुलूप असतं, ते मलाच उघडता येतं, मला येऊ द्या," असं ते म्हणाले होते, आणि बाईंना नाही म्हणायला जागा नव्हती. निघता-निघता रंगारीला त्यांनी बजावलं होतं, "साहेबांना सांगा, एकूणएक घरी फोन करा. रोग्याला एकटं ठेवू नका म्हणावं." तरी मागच्या सीटवर, ज्या माणसाच्या गप्प बसण्यानं हे सगळं झालं त्याच्या शेजारी, त्या फोन लावत राहिल्या आणि तो वाजत राहिला.

दार बाळ्यानं उघडलं. हाताला साबणाचा फेस.

"फोन का उचलत नाहीस?"

"चार्जिंगला लावलाय. अण्णाच म्हणाले, जा, भांडी घास, आता मशीन ओरडत नाही, मी जरा डुलकी काढतो..."

त्या त्याला ढकलून आत गेल्या.

खोलीत पडदे ओढलेले होते. मशीन एका लयीत हवा ढकलत होतं, शांत, शहाण्या मुलासारखं. त्याच्या पाठीवर बाळ्यानं रुमाल टाकला होता, दिव्याचा उजेड अण्णांच्या डोळ्यांवर येतो म्हणून. रुमालाच्या आतून पिवळं दिसत होतं. दिवा पेटलेला होता.

नळी आकड्यातून निसटून पलंग आणि भिंत यांच्या फटीत चेपली होती.

बाईंनी पलंगाची कड धरली आणि अशी ओढली की पाय फरशीवर किंचाळले. नळी सुटली. मुखवट्यात हवा भसकन शिरली. अण्णांचे ओठ जांभळे होते. त्यांच्या हातांत मुखवटा बाजूला सारण्याएवढाही जोर नव्हता. बाईंनी त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि त्या नुसत्या "अण्णा, अण्णा" म्हणत राहिल्या.

छाती हलली. मग पुन्हा हलली. मग अण्णांनी खोल, रागावलेला श्वास घेतला आणि डोळे उघडले.

बाळ्या दारात खाली बसला. "मशीननं विचारलं होतं, सुधारणा घालू का," तो रडत म्हणाला. "सुधारणा म्हटल्यावर मी हो दाबलं गं, ताई. तेच अपडेट, हे मला काय ठाऊक?"

कात्रीनं सरळ फोन काढून डॉक्टरांना बोलावलं. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि मशीनचं मागचं झाकण उघडायला लागले. कार्ड त्यांच्या हातून दोनदा जमिनीवर पडलं. दोन्ही वेळा बाईंनी ते उचलून त्यांच्या हातात दिलं. शेवटी झाकण बसलं.

"आता बघा," ते पुटपुटले. त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही.

बाईंनी नळी बोटांत घेतली. सकाळपासून त्यांनी अशी नळी कितीतरी वेळा दुमडली होती. त्यांनी डोळे मिटून नळी दाबली.

चिव-चिव-चिव. चिव-चिव-चिव.

त्यांनी लगेच सोडून दिली. बाळ्या हुंदका देऊन हसला. अण्णांच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. त्यांनी नजरेनं मुखवटा काढायची खूण केली, बाईंनी तो क्षणभर वर उचलला.

"आली का परत ती?" अण्णा तुटक आवाजात म्हणाले. "आठवडाभर... बरं वाटलं होतं."

"आली, अण्णा. आता जायची नाही."

अण्णांची नजर गुडघ्यांवर बसलेल्या परक्या माणसाकडे गेली. "हे कोण?"

बाईंना चटकन सुचेना. "या मशीनला बोलायला शिकवलं ना, ते हे मास्तर."

अण्णांनी मास्तरांकडे नीट पाहिलं. घरी आलेल्याशी चार शब्द चांगले बोलावेत, ही त्यांची जुनी सवय.

"छान शिकवलंत," ते म्हणाले. "फक्त जरा... हळू बोलायला सांगा तिला."

मास्तर तसेच बसून राहिले, झाकणावर हात ठेवून, आणि बाईंनी अण्णांचा मुखवटा पुन्हा बसवला.